गाजून झाल्यानंतरचं इंडियन ओशन : '१६/३३० खजूर रोड' कोणी ऐकलाय का?

तापीकाठचा | १२ ऑगस्ट २०२४, रात्री ११:१०

आज सकाळी आमच्या गल्लीतल्या कानबाईचं (खान्देशातली श्रावणातली देवी) विसर्जन झालं. काल रात्रभर जागरण. लहानपणी या रात्री बायका गाणी म्हणायच्या आणि आम्ही पोरं रोटांच्या वासानं जागे राहायचो. आता चौकात भिंतीएवढे डबे लागतात आणि अहिराणी डीजे वाजतो. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. पहाटे चारला घरी आलो तेव्हा कान भणभणत होते आणि झोप येईना. हेडफोन लावला आणि बऱ्याच वर्षांनी इंडियन ओशनचा 'खजूर रोड' सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड. १९९० मध्ये सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला आणि गायन) यांनी सुरू केला. पुढे बासवर राहुल राम आले, ड्रम्सवर अमित किलाम. २००० साली 'कंदिसा' आला आणि कॉलेजच्या पोरांत धुमाकूळ झाला. २००३ ला 'झीनी', मग 'ब्लॅक फ्रायडे'चं संगीत. तो सिनेमा अडकून अडकून २००७ ला लागला, तोवर 'बंदे' सगळ्यांना पाठ झालं होतं. ही यांची चलतीची वर्षं.

मी 'कंदिसा'ची कॅसेट जळगावला गोलाणी मार्केटमधून घेतली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. दुकानदारानं कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे साउथचं दिसतंय, चालेल ना?" अगदीच चुकला नव्हता तो. शीर्षकगीत केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवर आहे, भाषा अरामाईक. होस्टेलवरच्या माझ्या टेपची मोटर गरम झाली की 'मां रेवा' अर्धा सूर खाली उतरायचं. पुढे सीडीवर ऐकलं तेव्हा मला सीडीच बेसूर वाटली.

तर मुद्दा. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेले. हृदयविकार. त्यानंतर २५ जुलै २०१० पासून बँडनं आपल्या वेबसाइटवर महिन्याला एक अशी सात गाणी फुकट दिली. चाँद, शून्य, बोंध, बुला रहा, जोगिया, सोने की नगरी, डरते हो. अल्बमचं नाव '१६/३३० खजूर रोड', म्हणजे करोल बागेतल्या त्या जुन्या घराचा पत्ता जिथे हे सराव करायचे. आणि या गाण्यांत असीमचा आवाज आहे, जाण्याआधी रेकॉर्ड झालेला.

मी तेव्हा चाळीसगावला नोकरीला होतो. लोडशेडिंगचे दिवस. एक गाणं उतरवायला बसायचं, ऐंशी टक्क्यांवर आलं की लाइट जायची आणि परत शून्यापासून. ऑगस्टचं गाणं मी तीन रात्रींत उतरवलं. गेलेला माणूस दर महिन्याला एकदा येऊन गाऊन जातोय, आणि तोही आपल्याकडे लाइट असेल तर.

सगळे अजून 'कंदिसा'वर अडकलेत. हा अल्बम निघाला की "हो, तो शेवटचा, श्रद्धांजलीवाला" म्हणून पुढे जातात. माझ्या मते यांचं सर्वांत पक्व काम हेच आहे. या, भांडा.


रेल्वे_कॉलनी | १२ ऑगस्ट, ११:३२

पहिला! मी भुसावळचा, आमच्या घरात तीन पिढ्या रेल्वेत. त्यामुळे इंडियन ओशन म्हणजे माझ्यासाठी 'मसान' (२०१५) मधलं 'तू किसी रेल सी'. ते यांचंच संगीत आहे हे तीन वर्षांनी कळलं. खजूर रोड ऐकलेला नाही. आज रात्रपाळीला ऐकतो. फलाटाखालचा चहावाला साक्षी.


फौजदारी_डाळ | १२ ऑगस्ट, ११:५८

तापीदादा, लेख मस्त, पण निदान चुकलंय.

तुम्हाला तो अल्बम आवडतो कारण तुम्ही तो तीन-तीन रात्री जागून मिळवला. कष्टानं मिळालेलं गोडच लागतं. मी तो २०१३ ला मित्राच्या पेन ड्राइव्हवरून एका झटक्यात घेतला आणि एका बैठकीत ऐकला. चांगला आहे. पण 'कंदिसा'त जे अंगावर यायचं ते इथे नाही. तिथे 'हिल्ले ले' होतं, हिंदी कवी गोरख पांडेंचं. तिथे 'मां रेवा' होतं. मातीचा वास होता. 'खजूर रोड'मध्ये चार अतिशय हुशार माणसं एका खोलीत बसून वाजवताहेत एवढंच ऐकू येतं. लोकसंगीताची विहीर आटली की बँड स्वतःचंच पाणी पितो.

आणि हो, माणूस गेल्यावर त्याच्या कामाला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. त्या सहानुभूतीचे दहा गुण वजा करा, मग बोलू.


कापूसकोंड्या | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

अवांतर होतंय, पण राहवत नाही.

यांचा 'डेझर्ट रेन' (१९९७) नावाचा लाइव्ह अल्बम आहे, त्यात एका गाण्याचं नाव 'बोल वीव्हिल'. मी सीडी घेऊन गावी गेलो, शिरपूर तालुका. वडिलांनी कव्हर हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कोणत्या कंपनीचं औषध?" कृषी सेवा केंद्रात माहितीच्या सीड्या फुकट वाटायचे तेव्हा. मग मी त्यांना समजावलं की बोल वीव्हिल म्हणजे अमेरिकेतला कापसाचा भुंगा, आपल्याकडे तो नाही, आपली ती बोंडअळी. ते म्हणाले, "मग गाणं बोंडअळीवर करा म्हणावं, इथे गिऱ्हाईक आहे."

चर्चा चालू द्या. मी खजूर रोडच्या बाजूनं. कारण देणार नाही.


तापीकाठचा | १३ ऑगस्ट, ९:४०

@कापूसकोंड्या, वडिलांना दंडवत __/\__

@फौजदारी_डाळ, सहानुभूतीचं मान्य. पण विहीर आटली हे मान्य नाही. उलट म्हणतो मी. 'कंदिसा'त अर्धं काम त्या मूळ गाण्यांनी केलेलं होतं. शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेली चाल तुमच्या हातात आयती येते. 'झीनी'त तर खुद्द कबीर मदतीला. गायक-वादकांचं कसब आहेच, पण पाया दुसऱ्याचा. 'खजूर रोड'मध्ये तो आधार कमी करून हे लोक उभे राहिले. 'डरते हो' घ्या. शब्द नून मीम राशिद यांचे, उर्दूत मुक्तछंद रुजवणाऱ्यांपैकी मोठं नाव, १९७५ ला गेले. छापील पानावरची आधुनिक कविता आहे ती, कोणा खेड्यात गायली जात नव्हती. तिला चाल लावायची म्हणजे रिकाम्या प्लॉटवर घर बांधणं. आणि जगायला घाबरतोस का असं विचारणारी ती कविता ज्या बँडनं गायली, त्याचा माणूस गाणं बाहेर येईपर्यंत नव्हता. हे ठरवून झालेलं नाही, पण मला ते वगळून ऐकताच येत नाही.

(इथे परत सहानुभूती आली. कापा पाच गुण.)


अक्राणीचा | १३ ऑगस्ट, दुपारी २:२०

बरेच दिवस वाचनमात्र होतो. 'मां रेवा'चा, म्हणजे नर्मदेवरच्या गाण्याचा, विषय निघाला म्हणून लिहितो.

मी धडगावकडचा. कागदोपत्री तालुका अक्राणी, जिल्हा आता नंदुरबार, १९९८ च्या आधी धुळे. माझे मामा बुडितातले. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, त्यात अक्कलकुव्याचं मणिबेली सगळ्यांत आधी. मामांना तळोद्याजवळच्या वसाहतीत जमीन मिळाली. राहुल राम त्या काळात खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनासोबत होते हे खरं. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर पीएच.डी. केलेला माणूस डोंगरात पायी फिरत होता, ही गोष्ट आमच्याकडचे जुने लोक अजून सांगतात.

पण ते गाणं "आमचं" म्हणून इकडचे लोक मिरवतात तेव्हा मला गंमत वाटते. त्याची बोली मध्य प्रदेशातल्या निमाडाकडची आहे. नदीच्या त्या अंगाची, सपाटीवरची, घाट-परिक्रमा असलेल्या मुलखाची. आमच्या डोंगरात पावरी आणि भिलोरी बोलतात. आमची गाणी वेगळी, होळीला रात्रभर ढोलावर चालतात, आणि त्यात नदी फार येत नाही. डोंगर येतो, महू (मोहाचं झाड) येतो, देवमोगरा माता येते. दिल्लीहून पाहिलं की सगळं "नर्मदा खोरं" एकच दिसतं. यात कोणाचा दोष काढत नाही. त्या गाण्यामुळे नर्मदेचं नाव कॉलेजात पोचलं, चांगलंच झालं. पण फौजदारी भाऊ ज्याला मातीचा वास म्हणतात, तो कुठल्या मातीचा हे कोणी विचारत नाही.

तेव्हा मला खजूर रोड जास्त प्रामाणिक वाटतो. स्वतःच्या घराचा पत्ता लिहिलाय अल्बमवर. घर क्रमांकासकट.


फौजदारी_डाळ | १३ ऑगस्ट, २:५५

अक्राणीचा, घर क्रमांकासकट हे आवडलं. एक गुण परत केला.

पण एक सांगा, लोकसंगीत घेऊच नये का मग? कॅसेटवर 'पारंपरिक' असं लिहितात त्याचा राग असेल तर समजू शकतो. तो एक शब्द लिहिला की कोणाला विचारायला नको आणि पैसे द्यायला नकोत.


अक्राणीचा | १३ ऑगस्ट, ३:३०

घ्यावं की. पण विचारावं. आमच्याकडे होळीला दुसऱ्या गावच्या ढोलाची चाल वाजवली तर आधी त्या गावचं नाव घेतात.


आजीची_गोधडी | १३ ऑगस्ट, रात्री ९:०५

छान चाललंय. दोन गोष्टी.

एक. अमित किलाम ड्रम्सबरोबर गबगुबी वाजवतात ते कोणी नीट पाहिलंय का? बगलेत पोकळ डबा, एका बाजूला कातडं, त्यातून तार निघालेली, डाव्या हातानं ताणायची आणि उजव्यानं छेडायची. ताणलं की सूर वर, सैल सोडलं की खाली. बंगालच्या बाउलांचं, म्हणजे भटक्या गायकांचं वाद्य. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, "अगं बाई, हे तर चौंडकं!" यल्लम्माच्या जोगत्यांच्या हातात असतं ते. बसस्टँडवर जे वाजलं की आपण सुटे पैसे शोधतो, तेच ड्रमच्या बाजूला वाजलं की टाळ्या. असो.

दोन. तापीकाठचा म्हणतात कानबाईला पूर्वी बायका गाणी म्हणायच्या. अहो, आम्ही अजून म्हणतो! तुम्ही पुरुष चौकात डब्यांसमोर असता, तुम्हाला आत काय चाललंय ते ऐकू कसं येणार. माझ्या सासूबाई धुळे तालुक्यातल्या. परवा रविवारी त्यांनी एका जुन्या गाण्यात मोबाइलच्या रिचार्जचं कडवं घातलं. भाऊ बहिणीला विसरला, मूळ गाण्यात तो गाडी जुंपून येत नाही, आता त्याचा रिचार्ज संपलाय. सगळ्या बायका हसून लोळल्या. त्यातल्या एकीनंही "जुनं होतं तेच बरं" म्हटलं नाही.

म्हणून मला हा 'कंदिसा' विरुद्ध 'खजूर रोड' सामना समजतच नाही. चाल तीच ठेवून दर वर्षी कडवं बदलायचं, हे ज्याला जमतं त्याला उतरती कळा नसते. कॅसेट निघाली की गाणं थिजतं. मग लोक त्या थिजलेल्याशी प्रत्येक नवीन गोष्ट ताडून बघतात.


खानदेस_ना_पोऱ्या | १३ ऑगस्ट, १०:४७

राम राम मंडई. तुम्ही बठ्ठा मोठा मोठा नावे ली ऱ्हायनात, मी वाची ऱ्हायनू. आमना गावले आखाजीले (अक्षय्य तृतीयेले) झोका बांधतस. मनी माय झोकावर बठीसन गाना म्हनस. ऐंशी वरीसनी व्हयनी, आजून नवं जोडस. तिनं पयलं गानं हिट व्हतं का नही, तिले काय ठाऊक! तिले इचारं ते म्हने, "आवंदानं गानं आवंदा, पुढलं पुढे देखू."


रेल्वे_कॉलनी | १३ ऑगस्ट, ११:२०

वा पोऱ्या, मायला नमस्कार सांग.

पण एक शंका (खडा टाकतोय). खान्देशचा विषय निघाला की सगळे अहिराणीच का सुरू करतात? आमच्या भुसावळ-यावल-रावेरकडे लेवा बोली आहे. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांच्या ओव्या त्याच बोलीतल्या. आम्ही काय वऱ्हाडात राहतो?


कापूसकोंड्या | १३ ऑगस्ट, ११:२६

झालं. धाग्याचं काश्मीर व्हायला सुरुवात.


तापीकाठचा | १३ ऑगस्ट, ११:३१

बोलीभाषांसाठी वेगळा धागा काढा रे, मी पहिला प्रतिसाद देईन. रेल्वे, रात्रपाळीला ऐकला का ते सांग आधी.


रेल्वे_कॉलनी | १३ ऑगस्ट, ११:४४

'चाँद' आणि 'जोगिया' ऐकली. तिसऱ्याला मालगाडी आली. 'चाँद' तीनदा ऐकलं. घाई नाही त्या गाण्यात, ते आवडलं. बाकी उद्या.


बेंजोवाला | १४ ऑगस्ट, दुपारी १२:१०

नमस्कार. मी वाजवणारा माणूस, लिहिणारा नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. आमची लग्नातली बँड पार्टी आहे, आजोबांपासून. धुळे, पारोळा, अमळनेर पट्टा. मी बेंजो वाजवतो.

गाजून झाल्यावर काय होतं ते मला विचारा. आमचं एक गाणं २०११ च्या सिझनला भयंकर चाललं. चाल एका जुन्या आखाजीच्या गाण्याची, ठेका आमचा. लोक सुपारी देतानाच सांगायचे, ते वाजवणार असाल तरच या. पुढच्या वर्षी आम्ही नवीन बसवलं. महिनाभर रात्री सराव केला. एका वरातीत घेतलं. मुखडा झाला, पोरं थांबली. नाचणारा माणूस थांबला की तो सरळ तुमच्याकडे बघतो, त्या नजरेनं बोटं गार पडतात. नवरदेवाचा मित्र आला, पाचशेची नोट ट्रम्पेटला खोचली आणि म्हणाला, "जुनं घ्या." घेतलं. काय करणार. आजपर्यंत तेच वाजवतोय. आता ते वाजवताना मी मनात उद्याचा हिशोब करत असतो.

त्यामुळे ज्यांनी सात नवीन गाणी केली आणि वर फुकट दिली, त्यांना मी मानतो. फुकट दिलं की पाचशेची नोट खोचणारा मध्ये येत नाही.

दुसरं. मी काल रात्री या धाग्यामुळे असीमचे जुने व्हिडिओ पाहिले. तबला वाजवता वाजवता गातात. हे किती अवघड आहे ते वाजवणाऱ्याला कळेल. हात एका मात्रेवर, गळा दुसऱ्या. ते गेल्यावर त्यांच्या जागी बँडनं दोन माणसं घेतली, गायला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहिन चक्रवर्ती. बरोबर ना?

आमच्याकडे क्लॅरिनेटला एक आबा होते. २०१६ ला गेले. ते क्लॅरिनेट तर वाजवायचेच, पण पुढच्या चौकात कोणतं गाणं घ्यायचं ते नुसती मान वळवून सांगायचे. डावीकडे म्हणजे ठेका वाढवा, उजवीकडे म्हणजे आता बायका नाचणार, हळू घ्या. त्यांच्या जागी क्लॅरिनेटवाला मिळाला, चांगला मिळाला. मान वळवणारा मिळाला नाही. आता मी बेंजोवरून हात काढून खुणा करतो आणि तेवढ्यात माझे दोन सूर जातात.


आजीची_गोधडी | १४ ऑगस्ट, १२:४०

बेंजोवाले दादा, "लिहिणारा नाही" म्हणता आणि असं लिहिता. मान वळवणारा... वाचून थांबले थोडा वेळ.


तापीकाठचा | १४ ऑगस्ट, १:१५

बरोबर दादा, हिमांशू जोशी आणि तुहिन. आणि २०१३ ला सुस्मित सेनही बाहेर पडले, गिटारला निखिल राव आले. म्हणजे ज्या दोघांनी बँड सुरू केला त्यातला आता एकही नाही.

मग २०१४ चा 'तंदानू'. सात गाणी, प्रत्येकात एक पाहुणा. शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विशाल ददलानी, विश्वमोहन भट्ट, कर्ष काळे वगैरे. वाईट नाही. शीर्षकगीतात शंकर महादेवन मजा आणतात. पण लग्नात पाहुणे जास्त झाले की नवरदेव शोधावा लागतो. मला वाटतं तो अल्बम करताना त्यांना खोलीतली शांतता नको होती. मोकळी जागा पाहुण्यांनी भरली. माणूस गेलेल्या घरात वर्षभर नातेवाईक राहायला येतात तसं.

त्यानंतर नऊ वर्षांनी, गेल्या वर्षी, 'तू है' आला. त्याच्यावर लिहिण्याइतका अजून ऐकलेला नाही.


सातासमुद्रापार | १४ ऑगस्ट, रात्री ८:३०

मूळचा भुसावळ, सध्या अमेरिकेत. "चलती संपल्यावरचा अल्बम" या विषयात एक उदाहरण इथलं.

द मामाज अँड द पापाज. चौघांचा गट, दोन बायका दोन पुरुष, साठच्या दशकातला लोकसंगीताच्या अंगानं जाणारा पॉप. 'कॅलिफोर्निया ड्रीमिन' १९६५ च्या शेवटी आलं, 'मंडे, मंडे' १९६६ ला पहिल्या क्रमांकावर गेलं. दोन-तीन वर्षं नुसती दिवाळी. १९६८ मध्ये गट फुटला. पण करार बाकी होता! कंपनीनं सांगितलं, एक अल्बम देणं लागता, नाहीतर कोर्टात भेटू. मग १९७१ ला 'पीपल लाइक अस' निघाला. चौघं एकत्र फार कमी बसले, ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो येऊन आपापला आवाज भरून जायचा. यांची सगळी जादू चार गळे एकमेकांत विरघळण्यात होती, आणि तिथेच ते गळे वेगवेगळ्या दिवशी आले. ऐका, शेजारी राहून बोलणं तुटलेल्या भावांसारखं वाटतं. स्वयंपाक वेगळा, भिंत एक.

त्यापुढे खजूर रोड बघा. इथे एक माणूस कायमचा गेलाय, तरी गाणी एकत्र बसून झालेली आहेत. कित्येक वर्षं त्याच घरात, तोच चहा पिऊन. तिथे चारही जिवंत असून कोणी नव्हतं.


फौजदारी_डाळ | १४ ऑगस्ट, १०:१५

साता, हे उदाहरण जोरदार. 'पीपल लाइक अस' मी ऐकलाय, आणि तुम्ही म्हणता ते शंभर टक्के.

काल रात्री मी खजूर रोड परत ऐकला. या वेळी सलग नाही. एक गाणं, मग भांडी घासली. दुसरं गाणं, मग गच्चीवर जाऊन आलो. तापीदादांना ते महिन्याला एक मिळत होतं, मी एका बैठकीत सात गिळली होती. हा फरक पडतो हे कबूल. 'बुला रहा'ला भांड्यांचा नळ बंद केला मी.

पण मत पूर्ण बदललेलं नाही. 'कंदिसा'त एक उतावीळपणा आहे, जगाला काहीतरी दाखवायचंय असा. तो मला हवासा वाटतो. पक्व वगैरे ठीक आहे, आंबा पक्व असावा. गाण्याला थोडी कच्ची कैरी चालते.

गुणांकन : १० पैकी ७. सहानुभूतीचे धरलेले नाहीत.


कापूसकोंड्या | १४ ऑगस्ट, १०:२२

फौजदारीनं ७ दिले! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.


अक्राणीचा | १५ ऑगस्ट, सकाळी ८:५०

काल तळोद्याला मामांकडे गेलो होतो. मोबाइलवर 'मां रेवा' लावून दाखवलं. ऐकून म्हणाले, "नदीचं गाणं आहे. पाणी वाहतंय म्हणतात." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आता वाहत नाही तिथे. साचलंय." पुढे भाताच्या रोपांविषयी बोलू लागले.

खजूर रोडही लावला. 'सोने की नगरी' चालू असताना मामी म्हणाल्या, आवाज कमी कर, वासरू बिचकतंय.


रेल्वे_कॉलनी | १५ ऑगस्ट, ९:३०

सातही झाली. मी तापीदादांच्या पार्टीत. 'डरते हो' रात्री तीनला, एकही गाडी नसताना ऐकलं. त्यानंतर चहा घ्यायला खाली गेलो.


बेंजोवाला | २६ नोव्हेंबर २०२४, रात्री १२:४५

धागा वर काढतोय, माफी असावी. तुळशीचं लग्न झालं, आमचा सिझन लागला.

सांगायचं म्हणजे, ऑगस्टपासून मी 'चाँद'ची चाल बेंजोवर बसवत होतो. बेंजोला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, सगळे सूर तुटक. तेव्हा ती चाल कीबोर्डवाल्याच्या पोराला दिली आणि मी खाली नुसता ठेका धरला. आज पारोळ्याकडे वरात होती. मारुतीच्या देवळाशी वरात दहा मिनिटं थांबते, नवरदेव दर्शनाला जातो, तेव्हा कोणी नाचत नाही आणि कोणी फर्माईश करत नाही. तेवढ्यात घेतलं. दोन-अडीच मिनिटं.

नवरीचे मामा पान खात उभे होते. जवळ आले आणि म्हणाले, "चांगलं आहे हो. कोणत्या पिक्चरचं?"

मी म्हटलं, "खजूर रोड."

म्हणाले, "लागला का आपल्याकडे?"